मेळाव्याची हजेरी आणि फडातले पाचट



गळीत हंगाम तोंडावर आला की आमच्या ऊस विकास विभागाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "यंदा किती मेळावे घेणार?" आकडा सांगणे सोपे आहे. मांडव, लाऊडस्पीकर, पाहुण्यांचे भाषण, दुपारचे जेवण, सगळे ठरलेलेच असते. पण मेळाव्यानंतर किती एकरांत काय बदलले, हे सहसा कोणी विचारीत नाही. खर्च सभासदांच्याच पैशातून होतो. तेव्हा हा दुसरा प्रश्न सभासदांनीच विचारावा, असे आम्हांला वाटते.

शेतकऱ्याला शेताच्या बांधावर जाऊन शिकवायचे, याला विस्तार शिक्षण म्हणतात. आपल्या देशात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि ग्रामसेवक गावोगाव फिरू लागले. पुढे डॅनियल बेनॉर यांची 'प्रशिक्षण व भेट' पद्धत आली. पंधरवड्यातून ठरलेल्या वारी भेट आणि मोजकेच सांगणे, हे तिचे चांगले अंग. पण भेट व्हायची ती निवडक संपर्क शेतकऱ्याची. त्याच्याकडून ज्ञान पुढे झिरपेल असा हिशेब होता आणि पुष्कळ ठिकाणी ते त्याच्या बांधाबाहेर गेलेच नाही.

क्लॉड बेनेट या अमेरिकन विस्तार तज्ज्ञांनी १९७५ साली कार्यक्रमाच्या मोजमापाच्या सात पायऱ्या मांडल्या. साधने, कार्यक्रम, लोकांचा सहभाग, त्यांचे मत, ज्ञान व कौशल्यातील फरक, प्रत्यक्ष कृतीतील बदल आणि शेवटी फळ. बहुतेक अहवाल तिसऱ्या पायरीवर थांबतात. हजेरी इतकी झाली, फोटो काढले, आभार मानले! सभासदाचे टनेज सातव्या पायरीवर असते आणि तिथे पोचायची वाट सहाव्या पायरीवरून, म्हणजे रानातून जाते.

आता खोडव्यातील पाचटाचेच घ्या. एकरी साधारण तीन ते चार टन पाचट निघते. ते न जाळता सरीत बसवावे, दर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत, बुडखे जमिनीलगत छाटावेत, खत पहारीने द्यावे. हे सगळे सभासदांना तोंडपाठ आहे. तरीही तोडणी संपली की संध्याकाळी धुराचे लोट दिसतातच. मग शिकवण कुठे अडली?

गटागटांतून विचारले तर सेंद्रिय कर्बाबद्दल शंका कोणी काढीत नाही. "साहेब, पाचट ठेवलं की पाणी पुढं सरकत न्हाई," हे उत्तर येते. दुसरे, "शेजाऱ्यानं काडी लावली की आपलंबी पेटतं." उंदरांचे गाऱ्हाणे असते, पसरायला माणसे मिळत नाहीत हेही असते. पत्रकात मात्र कर्बाचे फायदे छापलेले. विचारले एक, उत्तर भलतेच! शिवाय पाणी सरकते की नाही हे ज्याला कळते, तो रात्री दारे धरणारा माणूस. तो कधी वाटेकरी असतो, कधी घरातली बाई. त्यांना मेळाव्याचे आमंत्रण जात नाही, खुर्चीवर बसतात ते सातबाऱ्यावर नाव असलेले.

म्हणून नियोजन करताना विषय एकच धरावा आणि वेळ रानाची धरावी. पाचट जाळायचे की ठेवायचे, याचा निकाल तोडणीनंतर चार-आठ दिवसांत लागतो. श्रावणात केलेले भाषण तोवर कोणाच्या लक्षात राहणार? कोणता फड केव्हा तुटणार हे तर आपल्याच शेतकी कार्यालयाला आधी कळते. तेव्हा तोडणीच्या कार्यक्रमावरूनच प्रात्यक्षिकाचा दिवस ठरवावा. टोळी निघाली की त्याच फडात पाचट सरीत दाबून पाणी सोडून दाखवावे. पहिल्या पाण्याला वेळ लागतो, हे लपवू नये. पुढच्या पाळ्या लांबवता येतात, तेही तिथेच दाखवावे. शेजारच्या चार बांधकऱ्यांना एकदम बोलवावे, म्हणजे काडीचा प्रश्न तिथेच सुटेल.

मूल्यमापनासाठी मोठा शास्त्रज्ञ लागत नाही. "पाचट ठेवलं का?" असे विचारले तर सगळे "हो साहेब" म्हणणार. त्यापेक्षा तोडणीनंतर पंधराव्या दिवशी बांधावरून बघावे. रान काळे की पिवळे, एवढेच लिहावे. ही मोजणी कार्यक्रमाच्या आधीच्या हंगामातही हवी, नाहीतर फरक कशाशी ताडणार?

टनेजच्या बाबतीत सहकारी कारखान्याइतकी सोय दुसऱ्या कोणाकडे नसेल. क्षेत्र ऊस नोंदीत आहे, वजन काट्याच्या पावतीत आहे. मात्र दोन ठिकाणी जपावे लागते. कागदावर एकर आणि रानात बत्तीस गुंठे असले की एकरी आकडा खोटा पडतो, म्हणून क्षेत्र मोजूनच घ्यावे. दुसरे असे की पाचट ठेवणारा सभासद बहुधा मुळातच कष्टाळू, पाण्याने सुखी असतो. त्याची तुलना कोरड्या रानाशी केली तर सारे श्रेय पाचटाला जाईल. त्याच प्लॉटची लागण किती टन होती आणि खोडव्यात किती घसरली, ती घसरण दोन्ही बाजूंची ताडावी. जात आणि तोडणीचा महिना सारखा असावा. आणि फुकट जिवाणू देणे बंद झाल्यावर तिसऱ्या वर्षी किती रान पिवळे राहिले, हेही बघावे. आमच्या मते खरी परीक्षा तीच.

येत्या हंगामात याच पद्धतीने काम करावयाचे आहे. गटातील मोजणी, काळी रानेसुद्धा, नावे न घालता गट कार्यालयाच्या फलकावर लावली जाईल. प्रात्यक्षिकाचा निरोप चिटबॉयमार्फत तोडणीच्या चिठ्ठीबरोबर येईल. येताना दारे धरणाऱ्यालाही बरोबर आणावे.