दुहेरी बूट संगणकातून संचालन प्रणाली काढणे

दुहेरी बूट संगणकातून संचालन प्रणाली काढणे म्हणजे एकाच संगणकावर बसवलेल्या दोन संचालन प्रणालींपैकी एक कायमची वगळून दुसरी सुरळीत चालू ठेवण्याची प्रक्रिया होय. या दोन प्रणाली बहुधा मायक्रोसॉफ्ट विंडोज आणि लिनक्सचे एखादे वितरण अशा असतात. नको असलेल्या प्रणालीचे पार्टिशन पुसणे हे यातील सर्वांत सोपे आणि शेवटचे काम आहे. त्याआधी विदा अन्यत्र जतन करणे आणि संगणक सुरू होण्याचा मार्ग राहणाऱ्या प्रणालीकडे वळवणे आवश्यक असते. हा क्रम उलटल्यास उरलेली प्रणाली शाबूत असूनही संगणक सुरू होत नाही.

## पार्श्वभूमी

विंडोज ७ चे समर्थन १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे सर्वसाधारण समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करत नाहीत. अशा संगणकांवर जुनी विंडोज तशीच ठेवून शेजारी उबुंटू किंवा सी-डॅकने विकसित केलेली, डेबियनवर आधारित बॉस ही प्रणाली बसवता येते. पुढे दोहोंपैकी एकीचा वापर थांबला, की तिने व्यापलेली जागा मोकळी करण्याची गरज निर्माण होते.

## संगणक सुरू होण्याचा मार्ग

जुन्या बायोस पद्धतीच्या संगणकात डिस्कच्या ५१२ बाइटच्या पहिल्या खंडात बूटलोडरचा आरंभीचा भाग असतो. लिनक्स बसवल्यावर तेथे ग्रब हा बूटलोडर येतो. मात्र त्याच्या उर्वरित फाइली लिनक्सच्या पार्टिशनमध्ये असतात. ते पार्टिशन पुसले गेल्यास ग्रबचा पहिला भाग शिल्लक राहतो, पण त्याला पुढील फाइली सापडत नाहीत. पडद्यावर विंडोजऐवजी ग्रबची आज्ञारेषा दिसते.

नव्या यूईएफआय पद्धतीत दोन्ही प्रणालींचे बूटलोडर बहुधा एकाच लहान ईएफआय पार्टिशनमध्ये स्वतंत्र फोल्डरांत असतात. त्यांपैकी कोणता आधी चालवायचा, याची यादी मदरबोर्डवरील स्मृतीत नोंदलेली असते. ईएफआय पार्टिशन सामायिक असल्याने कोणतीही प्रणाली काढताना ते पुसू नये.

## पूर्वतयारी

* विदा: महत्त्वाच्या फाइली बाह्य डिस्कवर उतरवून त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. एसएसडीवरील पुसलेली विदा परत मिळण्याची शक्यता अत्यल्प असते.
* बिटलॉकर: विंडोजचे हे कूटबंधन चालू असल्यास बूटक्रम बदलताच ४८ अंकी पुनर्प्राप्ती कळ मागितली जाऊ शकते. ती आधी लिहून ठेवावी आणि कूटबंधन तात्पुरते स्थगित करावे.
* पूर्ण बंद: विंडोज ८ पासून आलेल्या 'फास्ट स्टार्टअप' सुविधेमुळे संगणक बंद केल्यावरही विंडोजची डिस्क अर्धनिद्रित अवस्थेत राहते. लिनक्समधून पार्टिशन बदलण्यापूर्वी ही सुविधा बंद करावी.
* दुरुस्तीचे साधन: राहणाऱ्या प्रणालीचा बूट होणारा पेन ड्राइव्ह आधीच तयार करून तपासावा.
* वीज: पार्टिशन सरकवताना वीज गेल्यास विदा नष्ट होऊ शकते. वीज वारंवार खंडित होणाऱ्या भागात डेस्कटॉपला यूपीएस जोडावा. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरलेली असावी.

## मराठी मजकुराचे जतन

विंडोज काढताना मराठी वापरकर्त्यांपुढे एक वेगळी अडचण येते. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी डीटीपी केंद्रे व कार्यालयांत कृतीदेव, श्री-लिपी, आयएसएम यांसारख्या फॉन्ट व प्रणालींत टंकन होत असे. अशा फाइलींत देवनागरी अक्षरांऐवजी बहुधा रोमन अक्षरांचे संकेतांक साठवलेले असतात व फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. विंडोजबरोबर तो फॉन्ट गेल्यास फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून विंडोज चालू असतानाच मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, महत्त्वाच्या दस्तऐवजांची पीडीएफ प्रत काढावी आणि मूळ फॉन्टही जपून ठेवावा.

रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व पहिली वेलांटी विशेष तपासावी लागते. भंडारा जिल्ह्यातील झाडीबोलीसारख्या बोलींच्या लेखनात ही तपासणी मानवी नजरेनेच करावी. या बोलीत 'पाणी'चे 'पानी' होते. प्रमाण मराठीच्या शुद्धलेखन तपासनिसाला तो दोष वाटून मूळ शब्द बदलला जाऊ शकतो.

## लिनक्स काढून विंडोज ठेवणे

१. यूईएफआय संगणकात फर्मवेअरच्या मांडणीत विंडोज बूट मॅनेजर यादीत प्रथम आणावा. बायोस संगणकात विंडोजच्या दुरुस्ती डिस्कवरून पहिला खंड पुन्हा लिहावा.
२. संगणक दोनदा पुन्हा सुरू करून तो ग्रबशिवाय थेट विंडोजमध्ये जातो याची खात्री करावी.
३. डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचे पार्टिशन आकारावरून ओळखून पुसावे. लिनक्सची पार्टिशने तेथे ड्राइव्हच्या अक्षराशिवाय दिसतात. ईएफआय व पुनर्प्राप्ती पार्टिशनेही तशीच दिसतात, म्हणून घाई करू नये.
४. मोकळी जागा विंडोजच्या पार्टिशनला लागून उजवीकडे असेल, तरच तेथून पार्टिशन वाढवता येते.

ईएफआय पार्टिशनमध्ये उरलेला लिनक्सचा फोल्डर फारशी जागा घेत नाही. तो तसाच राहिला तरी चालते.

## विंडोज काढून लिनक्स ठेवणे

दोन प्रणाली दोन स्वतंत्र डिस्कवर असल्या, तरी लिनक्सचा बूटलोडर विंडोजच्या डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमध्ये असू शकतो. ती डिस्क काढण्यापूर्वी हे तपासावे. त्यानंतर विंडोजचे पार्टिशन पुसून ग्रबची यादी अद्ययावत करावी. लिनक्समध्ये विंडोजचे पार्टिशन आपोआप जोडण्याची नोंद असल्यास ती काढावी. अन्यथा सुरू होताना लिनक्स हरवलेल्या पार्टिशनची वाट पाहत आपत्कालीन अवस्थेत थांबू शकते.

मोकळी जागा लिनक्सच्या डावीकडे असल्यास लिनक्सचे पार्टिशन सरकवावे लागते. त्याला बराच वेळ लागतो आणि त्यात जोखीम असते. त्याऐवजी मोकळ्या जागेत नवे पार्टिशन करून ते फाइली साठवण्यासाठी वापरणे अधिक सुरक्षित ठरते.

## प्रक्रिया फसल्यास

ग्रबची आज्ञारेषा दिसली म्हणजे विदा गेली असे नव्हे. बहुतेक वेळा केवळ मार्ग तुटलेला असतो. अशा वेळी संपूर्ण डिस्क फॉरमॅट करू नये. प्रथम फर्मवेअरमधील बूटक्रम पाहावा, नंतर आधी तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून बूटलोडर पुन्हा बसवावा. पार्टिशनच चुकून पुसले गेले असल्यास त्या डिस्कवर काहीही न लिहिता संगणक बंद करावा. नवे लेखन झाले नसेल, तर पार्टिशनची नोंद पुन्हा उभी करता येण्याची शक्यता असते.

## हेही पाहा

* संचालन प्रणाली
* लिनक्स
* मायक्रोसॉफ्ट विंडोज
* युनिकोड
* झाडीबोली