तापल्या दगडांचं स्नान

शेतीची कामं उरकून हिवाळा सुरू झाला, की भूतानच्या खेड्यापाड्यांत ‘दोत्शो’चे दिवस येतात. दोत्शो म्हणजे तापल्या दगडांनी गरम केलेल्या पाण्यातलं स्नान. सांधे धरले, पाठ आखडली, थंडीने अंग मोडून आलं, की तिथे पिढ्यान्‌पिढ्या हाच उतारा. या स्नानाने बरं वाटतं हा लोकांचा अनुभव पक्का आहे. का बरं वाटतं, याचं सांगितलं जाणारं कारण मात्र तपासून घ्यायला हवं.

लाकडी फळ्यांची लांबट डोण, पुष्कळदा जमिनीत अर्धी पुरलेली. तिच्या एका टोकाला भोकं पाडलेली आडवी फळी बसवून कप्पा काढलेला असतो. नदीतले गोटे लाकडांच्या आगीत लालबुंद तापवायचे आणि लांब चिमट्याने उचलून या कप्प्यात सोडायचे. भोकांतून गरम पाणी आत येतं, दगड मात्र अंगाला लागत नाही. पाणी निवू लागलं की आत बसलेला माणूस हाक मारतो आणि बाहेरचा आणखी एक गोटा सोडतो.

लाकडाची डोण काही चुलीवर चढवता येत नाही. मग आगीतली उष्णता दगडात भरून पाण्यात न्यायची, ही यातली युक्ती. तिचा हिशेब मांडून पाहू. ३०० लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसवर न्यायला ९,००० किलोकॅलरी उष्णता लागते. दगडाची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता किलोमागे पाण्याच्या साधारण एक पंचमांश. पण पाणी १०० अंशांपाशी उकळतं, तर दगड ६०० अंशांपर्यंत सहज तापतो. त्यामुळे असे सुमारे ८० किलो गोटे पुरतात. वाफेबरोबर जाणारी आणि डोणीतून झिरपणारी उष्णता धरली, तर आणखी थोडे.

कुठलाही दगड मात्र चालत नाही. भेगांत पाणी मुरलेला दगड आगीत ठेवला, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन तो फुटू शकतो. गारगोटीतल्या स्फटिकाची रचना ५७३ अंशांना बदलते आणि तो एकदम फुगतो. शिवाय लाल गोटा थंड पाण्यात पडला, की त्याचा बाहेरचा थर आकसतो, गाभा मात्र तापलेलाच राहतो. या ओढाताणीत दगड तडकतो. म्हणून टिकाऊ गोटे पारखून घेणं हे इथलं खरं कसब.

गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या माणसाला स्वतःच्या वजनाचा जेमतेम एक दशांश भार जाणवतो. गुडघ्यांना आणि कण्याला उसंत मिळते. उष्णतेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ताठलेले स्नायू सैलावतात. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. रात्री झोपही चांगली लागते, कारण स्नानानंतर त्वचेवाटे उष्णता बाहेर पडून शरीराचं आतलं तापमान उतरतं. झोपण्याआधी एक-दोन तास ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्यात स्नान केलं तर झोप लवकर लागते, असं या विषयावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या २०१९ च्या संशोधनात दिसलं.

दगडांतली खनिजं पाण्यात उतरून अंगात मुरतात, असंही सांगतात. इथे जरा थांबायला हवं. नदीतले गोटे बहुतांशी सिलिकेटचे. ते तास-दोन तासांत पाण्यात फारसे विरघळत नाहीत. त्यातून जे थोडंफार उतरेल, त्यालाही त्वचेचा बाहेरचा थर सहजी आत येऊ देत नाही. डोणीत ‘खेम्पा’ नावाच्या वनस्पतीचा पालाही घालतात. चैत्रात ज्योतिबाला वाहतात तो आपला दवणा तिच्याच, म्हणजे आर्टेमिसिया प्रजातीतला. पाण्याच्या उष्णतेने या पाल्यातली सुगंधी तेलं वाफेबरोबर दरवळतात.

या ज्ञानाचं आपल्याशीही नातं आहे. भूतानची ‘सोवा रिग्पा’ ही वैद्यकपरंपरा तिबेटातून आली. वाग्भटाचं आयुर्वेदावरचं ‘अष्टांगहृदय’ अकराव्या शतकात तिबेटी भाषेत गेलं आणि या परंपरेवर त्याची छाप पडली. आयुर्वेदातल्याच चरकसंहितेत स्वेदनाचे, म्हणजे घाम आणण्याच्या उपचाराचे, तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतल्या ‘अश्मघन’ स्वेदात तापवलेल्या शिळेवर रुग्णाला निजवायचं, तर ‘अवगाह’ स्वेदात ऊन द्रवाने भरलेल्या पात्रात बसवायचं. २०१८ मध्ये तिबेटी लोकांच्या ‘लुम’ या औषधी स्नानाची युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

वारसा असला तरी जपून वागायलाच हवं. रक्तदाब कमी असलेल्यांनी, हृदयरोग्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कढत पाण्यात बसू नये. मद्य घेऊन तर कुणीच बसू नये. रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असताना झटकन उठलं तर भोवळ येते, म्हणून उठताना सावकाश. प्रश्न जंगलाचाही आहे. देशाच्या किमान ६० टक्के भूमीवर कायम वन राहावं, असं भूतानची राज्यघटना सांगते. एका स्नानामागे जळणाऱ्या लाकडाचा हिशेब म्हणून गावापुरता राहत नाही.

डोणीत एक थर्मामीटर ठेवावा, दगड टाकण्याआधीचं आणि नंतरचं पाणी प्रयोगशाळेत तपासावं, जळणाचं वजन करावं. खर्च फारसा नाही. एवढ्यानेही कळेल, की पाणी किती तापतं, दगडांतून त्यात काय उतरतं आणि त्यासाठी लाकूड किती जळतं. मग कमी लाकडात तोच आराम म्हाताऱ्या माणसांपर्यंत कसा पोचवायचा, हे ठरवता येईल.