वऱ्हाडाची मॅटाडोर, तुरिनची मेगागामा

आजच्या सात आसनी फॅमिली गाडीची वंशावळ सांगताना जाणकार १९७८ सालच्या तुरिन मोटार प्रदर्शनापाशी थांबतात. तिथे जोर्जेत्तो जुजारो यांच्या इटालडिझाइनने लान्चिया मेगागामा नावाची कन्सेप्ट कार मांडली होती. मान्य. पण मराठी माणसाने त्याआधीच अख्खं घर एका गाडीत कोंबून जेजुरी-तुळजापूर केलेलं होतं, आणि ते मॅटाडोरमधून.

आकुर्डीच्या बजाज टेम्पोने मॅटाडोर १९६९ साली आणली. कंपनी १९५८ची, नवलमल फिरोदियांनी उभारलेली. सोबत हँबुर्गची टेम्पो कंपनी. सुरुवात झाली हॅन्सीट या तीनचाकीपासून. मॅटाडोर हे नावही हँबुर्गचंच. तिथे १९४९ साली निघालेली पहिली मॅटाडोर फोक्सवॅगनच्या इंजिनावर चालायची. आपल्याकडे आलेली गाडी मात्र हानोमागच्या एफ मालिकेवर बेतलेली होती. पुढे तिला मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन मिळालं.

तिची खरी करामत होती खालच्या अंगाला. इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट नाही. शाफ्ट नाही म्हणून तळ सपाट आणि जमिनीलगत. पोती चढवायला सोपं आणि गुडघे धरलेल्या आजीलाही. पिकअप, व्हॅन, मिनीबस, रुग्णवाहिका, जे हवं ते त्याच सांगाड्यावर. खोट एकच, पण मोठी: मागे भार वाढला की पुढच्या चाकांची पकड सैल होते, आणि ओल्या घाटात चाकं जागच्या जागी फिरतात.

मेगागामाने हाच हिशेब मोटारीत बसवला. लान्चियाच्या गामा मोटारीचं अडीच लिटरचं इंजिन, पुढच्या चाकांची ओढ, सपाट तळ, उंच बैठक आणि १.६ मीटरच्या आसपास उंची. टपरीसारखी उंच, तरी चालवायला मोटारच. अमेरिकेत विल्यम स्टाउट यांनी तिसाच्या दशकात स्कॅरब गाडीत हलवता येणाऱ्या खुर्च्या दिल्या होत्या, पण त्या गाड्या मोजक्याच निघाल्या. मेगागामा तर फियाटने, म्हणजे लान्चियाच्या मालकांनीच, कारखान्यात नेली नाही. पीक दुसऱ्यांनी कापलं: निसान प्रेअरी, क्रायस्लरच्या मिनीव्हॅन, १९८४ची रेनॉ एस्पास.

तरी मॅटाडोरला मिनीव्हॅनची आई म्हणणं मला पटत नाही. ती मालाची गाडी. माणसं तिच्यात बसली ती दुसरं काही परवडत नव्हतं म्हणून. जुजारोंनी आधी माणसांचा विचार केला, फरक तेवढाच आहे. आणि तो थोडका नाही.

आपल्याकडे ही गोष्ट उलटी गेली. १९९४ची टाटा सुमो, २०००ची क्वालिस, २००५ची इनोव्हा, सगळ्या मजबूत चासीवरच्या, ताकद मागच्या चाकांना. रस्तेच तसे होते, त्यात चूक कुणाची? आताच्या रुंद, गुळगुळीत रस्त्यांना तेवढ्या दणकटपणाची गरज उरलेली नाही. अर्टिगा २०१२ साली आली ती पुढच्या चाकांवर. इनोव्हाचा हायक्रॉस अवतार जुनी चासी सोडून पुढच्या चाकांवर आला तो थेट २०२२ साली.

बजाज टेम्पो २००५ साली फोर्स मोटर्स झाली. वऱ्हाडं आता तिच्या ट्रॅव्हलरमधून जातात, आणि ट्रॅव्हलरची ताकद मागच्या चाकांना आहे.