आसवनी सांडपाणी व विहिरींचे प्रदूषण
उसाच्या मळीपासून मद्यार्क वेगळा केल्यावर मागे उरणाऱ्या गडद तपकिरी, अम्लधर्मी व उग्र वासाच्या द्रवास आसवनी सांडपाणी (स्पेंट वॉश) म्हणतात. ग्रामीण भागात ते ‘मळीचे पाणी’ म्हणून ओळखले जाते. एक लिटर मद्यार्कामागे ते साधारणपणे १० ते १५ लिटर निघते. त्याची जैव ऑक्सिजन मागणी दर लिटरला सु. ४०,००० ते ५०,००० मिग्रॅ. असते, घरगुती सांडपाण्याची ती बहुधा काही शेच असते. पोटॅशियम, क्लोराइड व सल्फेट यांचे प्रमाणही त्यात मोठे असते.

अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात भंडारदरा धरण (१९२६) व प्रवरेचे कालवे यांमुळे ऊस पसरला. लोणी येथील सहकारी कारखाना १९५०–५१ च्या हंगामात सुरू झाला. पुढे मुळा धरणाने ऊसक्षेत्रात आणखी भर घातली. कारखान्यांच्या जोडीला आसवन्या आल्या. याच पट्ट्यातील अनेक गावे व वस्त्या पिण्यासाठी विहिरींवर अवलंबून राहिल्या आहेत.

जिल्ह्याचा बहुतेक भाग बेसाल्ट खडकाचा आहे. अखंड बेसाल्टात पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात व खडकाच्या भेगांत साठते आणि उथळ विहिरींना तेथूनच झरे फुटतात. ओढ्यात किंवा कच्च्या तळ्यात सोडलेले सांडपाणी याच वाटेने खाली जाते. जमिनीत त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना कार्बन डाय-ऑक्साइड निर्माण होतो व त्याच्या योगाने खडकातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळतात. त्यामुळे सांडपाण्यात मुळात होते त्याहून अधिक क्षार विहिरीत येतात. नेवासे तालुक्यातील सोनई येथे साखर कारखान्याच्या सांडपाण्याने भूजल कसे दूषित झाले, याचा अभ्यास पुणे विद्यापीठातील संशोधकांनी केला (१९९८). ओढ्यातून वाहणारे सांडपाणी झिरपून विहिरींपर्यंत पोहोचल्याचे त्यातून दिसून आले. अर्थात विहिरीचे प्रत्येक खारेपण कारखान्याच्या माथी मारणे योग्य नव्हे. कालव्याचे अतिरिक्त पाणी व रासायनिक खते यांनीही क्षार वाढतात. पाण्यातील तपकिरी छटा व वाढलेले पोटॅशियम आसवनीकडे बोट दाखवितात. केवळ नायट्रेट वाढले असल्यास खते किंवा मैलापाणी यांचा संशय प्रथम घ्यावा लागतो.

भारतीय मानकानुसार (२०१२) पिण्याच्या पाण्यात विरघळलेली घनद्रव्ये दर लिटरला ५०० मिग्रॅ.पर्यंत असावीत, दुसरा स्रोत नसल्यास २,००० मिग्रॅ.पर्यंत चालतात. नायट्रेटची ४५ मिग्रॅ. ही मर्यादा मात्र शिथिल होत नाही, कारण त्यापुढे तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते. विहिरीत विरंजक चूर्ण टाकले किंवा पाणी उकळले की ते शुद्ध झाले, असा समज सर्वत्र आढळतो. या उपायांनी रोगजंतू मरतात, क्षार जात नाहीत. उकळल्याने ते उलट किंचित दाटतात. क्षार काढण्यास व्यस्त तर्षण यंत्र लागते व त्यातून निघणाऱ्या खाऱ्या पाण्याचा प्रश्न पुन्हा उरतोच.

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केंद्राच्या कायद्याआधी (१९७४), १९६९ मध्येच केला. नदीत सोडावयाचे नाही म्हणून सांडपाणी कच्च्या तळ्यांत साठविण्याची पद्धत मात्र नदी वाचवून विहिरी बिघडविणारी ठरली. २००३ च्या सनदेनुसार आसवन्यांनी २००५ अखेर नदीनाल्यांत सांडपाणी सोडणे पूर्णतः थांबवावयाचे होते. अवायुजीवी प्रक्रियेने इंधनवायू मिळतो व जैव ऑक्सिजन मागणी पुष्कळ उतरते. तथापि रंग व पोटॅशियम तसेच राहतात. प्रेसमडमध्ये मिसळून खत करण्याची रीत स्वस्त आहे, परंतु आवार उघडे व बिनअस्तराचे असल्यास पहिल्याच पावसात अर्क जमिनीत उतरतो. बाष्पीभवनाने दाट करून बाष्पित्रात जाळणे खर्चाचे असले, तरी त्यात द्रव मागे राहत नाही आणि राखेतील पोटॅश खत म्हणून वापरता येते. जुन्या तळ्यांखालच्या मुरमात साठलेले क्षार मात्र सांडपाणी थांबल्यावरही अनेक वर्षे पावसाच्या पाण्याबरोबर विहिरींत उतरत राहतात.