अठरा संस्था, एक संचालक

अमेरिकेत सरकारी गुप्तचर संस्था तब्बल १८ आहेत. त्यांतल्या ९ एकट्या संरक्षण खात्यात, एफबीआय न्याय खात्यात, सीआयए स्वतंत्र. मग या सगळ्यांचा मेळ कोण घालतं?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्लेखोरांपैकी दोघांची माहिती सीआयएकडे आधीच होती, पण ती एफबीआयपर्यंत वेळेत पोचली नाही. म्हणून २००४ च्या कायद्याने राष्ट्रीय गुप्तचर संचालक हे पद निर्माण झालं. राष्ट्राध्यक्षांना मिळणारा रोजचा गोपनीय गोषवारा आणि गुप्तचर खर्चाचा आराखडा त्यांच्या देखरेखीखाली तयार होतो. मात्र संरक्षण खात्यातल्या संस्थांवर संरक्षणमंत्र्यांचाही हुकूम चालतो. त्यामुळे संचालकांना अनेकदा समजावूनच काम करून घ्यावं लागतं.

बातम्यांत या पदाचं नाव आलं, की एवढं लक्षात ठेवा: एकाकडची माहिती दुसऱ्यापर्यंत वेळेत पोचावी, यासाठीच ते आहे.