उघडी वही: ओपन सोर्स ॲप्सविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधारात पायाखालचं दिसावं एवढ्यासाठी आपण टॉर्च घेतो. आपण कुठे उभे आहोत हे त्या टॉर्चला कशासाठी हवं? ‘ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट’ नावाचं मोफत अँड्रॉइड ॲप एके काळी कोट्यवधी वेळा डाउनलोड झालं होतं. वापरणाऱ्याचं ठिकाण आणि त्याच्या फोनची ओळख हे ॲप जाहिरात कंपन्यांना पुरवतं, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने डिसेंबर २०१३ मध्ये ठेवला. अटी मान्य आहेत की नाहीत, हे विचारण्याआधीच माहिती बाहेर जायला लागलेली असे.

आता टॉर्च फोनमध्येच असतो. पण गॅलरी, कीबोर्ड, कॅलेंडर, नकाशा, फाइल मॅनेजर अशी रोजच्या वापराची कितीतरी ॲप्स आपण नाव वाचून आणि तारे मोजून घेतो. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सुमारे साडेनऊ लाख अँड्रॉइड ॲप्स तपासली. त्यांतल्या ८८ टक्के ॲप्समध्ये गूगलच्या मूळ कंपनीकडे माहिती पाठवू शकणारे ट्रॅकर होते. ट्रॅकर म्हणजे ॲपमध्ये बसवलेला परक्या कंपनीचा तुकडा. आपण काय करतो याची नोंद तो घेत राहतो.

यावर उपाय म्हणून ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत ॲप्सचं नाव पुढे येतं. ॲप ज्या सूचनांनी चालतं त्या सूचनांना सोर्स कोड म्हणतात. तो कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येईल अशा परवान्याखाली खुला ठेवला, की ते ॲप ओपन सोर्स झालं. बचत गटाची वही आठवा. ती बैठकीत सगळ्यांसमोर असते आणि कुणीही उघडून हिशेब पाहू शकतं. प्रत्येक बाई दर महिन्याला ती वाचतेच असं नाही, पण कुणीही कधीही वाचू शकेल हे लिहिणारीला माहीत असतं. ओपन सोर्सचं बळ याच जाणिवेत आहे. त्याच्याभोवती जमलेले काही गैरसमज मात्र दूर करायला हवेत.

गैरसमज १: कोड उघडा, म्हणजे माझी माहितीही उघडी.

वही उघडी ठेवली म्हणून गटाच्या पेटीतले पैसे कुणी उचलून नेत नाही, कारण पेटीची किल्ली वेगळी असते. ॲपचा कोड आणि ॲपमध्ये साठवलेली तुमची माहिती यांचंही तसंच आहे. सिग्नल या संदेश-ॲपचा कोड जगासमोर आहे, तरी तुमचा संदेश वाचण्याची किल्ली फक्त तुमच्या आणि समोरच्याच्या फोनमध्ये असते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागितली गेली. खातं कधी उघडलं आणि ते सिग्नलशी शेवटचं कधी जोडलं गेलं, एवढंच सिग्नलला सांगता आलं, कारण त्याखेरीज काही साठवलेलंच नव्हतं.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण अब्रू राखायला ठीक आहे, सुरक्षेला ती लागू पडत नाही. कुलपाची रचना शत्रूला ठाऊक असली तरी किल्लीवाचून ते उघडता कामा नये, हे तत्त्व ऑगुस्त कर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडलं होतं. आजचं सांकेतिकीकरण त्याच तत्त्वावर उभं आहे.

गैरसमज २: मुक्त म्हणजे फुकट, आणि फुकटची वस्तू कामचलाऊच असणार.

इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ असल्याने तिथे हा घोळ कायम होतो. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, तेव्हा आपण तरी घोळ घालू नये. ब्रायटेस्ट फ्लॅशलाइट मोफत होतं, मुक्त नव्हतं. उलट, मुक्त ॲप विकताही येतं. ऑस्मअँड या नकाशाच्या ॲपमध्ये प्ले स्टोअरवर काही सोयींसाठी पैसे मोजावे लागतात. तेच ॲप एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारात पूर्ण सोयींसह मोफत मिळतं.

दर्जाचं म्हणाल, तर तुम्ही मुक्त सॉफ्टवेअर आधीच वापरता आहात. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्स आहे. घरोघरी सिनेमे दाखवणारं व्हीएलसी पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आलं. या ॲप्सचा खर्च देणग्यांतून, संस्थांच्या मदतीतून किंवा जास्तीच्या सोयींच्या वर्गणीतून निघतो. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून काहीही घेण्याआधी एकच पाहावं: याचा खर्च कोण उचलतं? उत्तर सापडलं नाही, तर तो आपल्याच माहितीतून वसूल होत असण्याची शक्यता मोठी.

गैरसमज ३: परवानग्या नाकारल्या की काम झालं.

कॅमेरा, मायक्रोफोन, संपर्कयादी, ठिकाण यांची परवानगी ॲपला वापराच्या वेळी मागावी लागते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून आहे. नको ती परवानगी नाकारणं चांगलंच. पण एक परवानगी अँड्रॉइड आपल्याला विचारतच नाही: इंटरनेटची. ॲपने ती मागितली की आपोआप मिळते. म्हणजे तुमचे फोटो दाखवण्यासाठी फोटोंची परवानगी घेतलेल्या गॅलरीला बाहेर जाण्याचं दारही उघडं असू शकतं.

म्हणून ज्या कामाला इंटरनेट लागतच नाही, त्यासाठी इंटरनेटची परवानगीच न मागणारं ॲप निवडणं हा सर्वांत साधा उपाय आहे. फॉसिफाय गॅलरी, लॉगिनचे सहा आकडी कोड देणारं एजिस आणि हेलीबोर्ड हा कीबोर्ड ही अशी ॲप्स आहेत.

कीबोर्डकडे विशेष लक्ष द्या. पासवर्ड असो, औषधाचं नाव असो की भावाला लिहिलेला रागाचा संदेश, सगळं त्याच्याच हातून जातं. मराठीसाठी ‘इंडिक कीबोर्ड’ हा मुक्त पर्याय आहे. केरळमधल्या ‘स्वतंत्र मलयाळम कंप्युटिंग’ या स्वयंसेवकांच्या संस्थेने तो अनेक भारतीय भाषांसाठी तयार केला आणि त्यात मराठीही आहे. दुसऱ्या भाषेतल्या लोकांनी आपल्या भाषेसाठी केलेलं हे काम आहे, आणि कोड खुला असल्यामुळेच ते शक्य झालं.

गैरसमज ४: प्ले स्टोअरबाहेरचं सगळंच व्हायरस.

या समजामागे अनुभव आहे. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची नोटीस किंवा बँकेचं केवायसी अशा नावाने व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे थेट ॲप बसवणारी फाइल येते, माणूस ती उघडतो आणि खातं रिकामं होतं. म्हणून नियम पक्का ठेवा: संदेशातून आलेली एपीके फाइल कधीही उघडायची नाही, मग ती पाठवणारा सख्खा मामा का असेना. त्याचा फोनही कुणाच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

एफ-ड्रॉइडची गोष्ट वेगळी आहे. २०१० पासून चालू असलेलं हे फक्त मुक्त ॲप्सचं भांडार स्वयंसेवक चालवतात. त्यासाठी खातं उघडावं लागत नाही. बहुतेक ॲप्स तिथे खुल्या कोडवरून नव्याने बांधली जातात, त्यामुळे दाखवलेला कोड एक आणि दिलेलं ॲप दुसरं, असा प्रकार अवघड होतो. एखाद्या ॲपमध्ये जाहिराती, पाळत किंवा बंदिस्त सेवेवरचं अवलंबन असेल, तर तसा इशारा ॲपच्या पानावरच छापलेला असतो.

त्यातही उणिवा आहेत. अद्ययावत आवृत्ती तिथे कधी कधी काही दिवस उशिरा पोचते आणि काही जुनी, कुणी न सांभाळलेली ॲप्सही सापडतात. सिग्नल तर एफ-ड्रॉइडच्या मुख्य भांडारात नाही. ते प्ले स्टोअरवरून किंवा सिग्नलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावं लागतं. एफ-ड्रॉइडही त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवावं. आणि मुक्त ॲप्स प्ले स्टोअरवरही पुष्कळ आहेत. आयफोनवाल्यांनाही सिग्नल, व्हीएलसी, पासवर्ड सांभाळणारं बिटवॉर्डन, नकाशाचं ऑरगॅनिक मॅप्स ही ॲप स्टोअरवर मिळतात.

गैरसमज ५: ओपन सोर्स म्हटलं की खासगीपणाची हमी.

ओपन सोर्सवर प्रेम करणारे लोकच हा गैरसमज सर्वांत जास्त पसरवतात. मीही कधी काळी तो पसरवला आहे.

टेलिग्रामचं उदाहरण घ्या. फोनमधल्या ॲपचा कोड खुला आहे, सर्व्हरचा नाही, आणि नेहमीच्या गप्पांना टोकापासून टोकापर्यंतचं, म्हणजे किल्ली फक्त बोलणाऱ्यांच्या फोनमध्ये ठेवणारं, संरक्षणही नाही. ते फक्त ‘सीक्रेट चॅट’ मुद्दाम सुरू केल्यावर मिळतं. याउलट व्हॉट्सॲपचा कोड बंद आहे, तरी २०१६ पासून त्यातले संदेश सिग्नलच्याच पद्धतीने सांकेतिक होतात. मजकूर झाकला जातो. पण कोण कुणाशी कधी बोललं याच्या नोंदी कंपनीकडे राहू शकतात आणि आतला कोड बाहेरच्यांना तपासता येत नाही.

आपल्याकडचं कोरोनाच्या काळातलं आरोग्य सेतू ॲप आठवा. ते एप्रिल २०२० मध्ये आलं. तज्ज्ञांनी मागणी लावून धरल्यावर २६ मे २०२० रोजी अँड्रॉइड ॲपचा कोड खुला झाला. पाऊल स्वागतार्ह होतं, पण सर्व्हरचा कोड त्या दिवशी खुला झाला नव्हता. फोनमधून निघालेली माहिती पुढे कुठे आणि किती काळ राहते, हे फोनमधला कोड वाचून कळत नाही. म्हणून विचारताना दोन प्रश्न वेगळे विचारावेत: ॲप खुलं आहे का, आणि सर्व्हरवर काय साठतं?

शिवाय वही उघडी असली, तरी ती कुणीतरी वाचावी लागते. इंटरनेटवरच्या असंख्य व्यवहारांना आधार देणाऱ्या ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ नावाची चूक दोन वर्षं तशीच राहिली आणि २०१४ मध्ये उघड झाली. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पात चोरदरवाजा सापडला. दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवलेल्या एका सहभाग्यानेच तो घातला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्ध्या सेकंदाचा जास्तीचा वेळ लागतोय असं दिसलं, त्यांनी मूळ शोधलं आणि मोठा अनर्थ टळला. वाचणारा नव्हता तेव्हा चूक लपली. वाचणारा होता, आणि वाचण्याची मुभाही होती, म्हणून चोरी पकडली गेली.

गैरसमज ६: एकदा चांगलं ॲप निवडलं की कायमची चिंता मिटली.

‘सिंपल मोबाइल टूल्स’ या नावाने गॅलरी, कॅलेंडर, फाइल मॅनेजर अशी साधी, जाहिरातमुक्त ॲप्स वर्षानुवर्षं लोकांच्या फोनमध्ये होती. २०२३ च्या अखेरीस मूळ निर्मात्याने ती झिपोॲप्स या कंपनीला विकली. लोक हादरले, कारण त्यांनी विश्वास ठेवला होता एका माणसावर आणि ॲप गेलं दुसऱ्याच्या हाती. बंद ॲपच्या बाबतीत गोष्ट इथेच संपली असती. पण परवाना मुक्त असल्याने प्रकल्पात आधीपासून काम करणाऱ्यांनी शेवटचा स्वच्छ कोड घेतला आणि ‘फॉसिफाय’ या नावाने तो पुढे चालवला. मॅप्स.मी या नकाशा-ॲपची मालकी बदलल्यावर त्याच्या जुन्या खुल्या कोडातूनच ऑरगॅनिक मॅप्स उभं राहिलं.

मालकी विकली जाऊ शकते, पण एकदा मुक्त झालेला कोड परत कोंडता येत नाही. मुक्त परवान्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच. मात्र त्याचा लाभ घ्यायचा, तर आपणही वर्षातून एकदा तरी पाहावं, की आपलं ॲप कोण सांभाळतंय आणि शेवटचं अपडेट कधी आलं.

गैरसमज ७: माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. तो गुन्हेगारांसाठी दिलेला नाही. आणि फोनमधली माहिती फक्त आपली नसते. झटपट कर्ज देणाऱ्या ॲप्सनी कर्जदाराच्या संपर्कयादीतल्या नातेवाइकांना फोन करून छळलं. अखेर रिझर्व्ह बँकेला सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ॲप्सना संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदी उघडायला मनाई करावी लागली. कर्ज एकाने घेतलं आणि धमक्या ऐकल्या त्याच्या मावशीने. आपण ‘परवानगी द्या’ दाबतो, तेव्हा तिच्याही वतीने दाबत असतो.

मग सुरुवात कुठून?

उत्साहाच्या भरात मी एका रविवारी आईच्या फोनमधली पाच ॲप्स बदलून टाकली. संध्याकाळी ती म्हणाली, “फोन माझाच आहे, पण मलाच ओळखू येत नाही रे.” तिचं बरोबर होतं. मी चार ॲप्स परत आणली आणि फक्त गॅलरी नवी ठेवली. महिन्याभरात ती तिच्या हाताला बसली, मग आम्ही पुढचं ॲप घेतलं.

तेव्हा एका वेळी एकच बदला. आधी ज्यांच्या हातून सर्वांत जास्त जातं ती: कीबोर्ड, ब्राउझर, पासवर्ड. ब्राउझरसाठी फायरफॉक्स आहे, त्यात जाहिराती आणि ट्रॅकर अडवणारं यूब्लॉक ओरिजिन अँड्रॉइडवरही बसवता येतं. पासवर्डसाठी बिटवॉर्डन किंवा कीपासडीएक्स. मग नकाशा: ऑरगॅनिक मॅप्स इंटरनेटशिवाय चालतं. त्यात रस्त्यावरची गर्दी दिसत नाही, पण ते लोकांनी मिळून बनवलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर उभं असल्याने आपल्या वाडीची वाट तुम्ही स्वतः त्यात घालू शकता. बँकेची आणि यूपीआयची ॲप्स बंद कोडाचीच आहेत. ती आहेत तशी ठेवा, फक्त नको त्या परवानग्या काढून घ्या. आधीच असलेल्या ॲपबद्दल शंका असेल तर फ्रान्समधल्या ‘एक्सोडस प्रायव्हसी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्याचं नाव टाका. आत कोणते ट्रॅकर सापडले, ते तिथे दिसतं.

आपल्यापैकी बहुतेकांना कोड वाचता येत नाही, आणि त्याने बिघडत नाही. गटातल्या ज्या बाईला लिहिता-वाचता येत नाही, तीही “वही इथे, सगळ्यांसमोर ठेवा” असं म्हणू शकते. तिने असं म्हटलं की वाचता येणाऱ्यांना ती वाचता येते आणि हिशेब सगळ्यांचाच सरळ राहतो. पुढच्या वेळी एखादं ॲप घेताना तेवढं तरी विचारा: तुमची वही कुठे आहे?