एक आज्ञा, अनेक हँडल

समजा, एखाद्या मजकुरातील ओळी मोजणारा प्रोग्राम लिहावयाचा आहे. हा मजकूर डिस्कवरील साध्या फाइलमध्ये असेल, जीझिपने आकार लहान केलेल्या फाइलमध्ये असेल, मेमरीत तात्पुरता ठेवलेला असेल किंवा नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडून येत असेल. ज्या साधनाच्या आधारे प्रोग्राम अशा मजकुरापर्यंत पोहोचतो, त्यास फाइल हँडल असे म्हणतात.

प्रत्येक हँडलची आज्ञा वेगळी असती, तर एकाच प्रोग्रामच्या चार प्रती लिहाव्या लागल्या असत्या. एकीतील चूक सुधारली, तरी उरलेल्या तिन्हींत ती तशीच राहिली असती.

ऑब्जेक्टच्या संकल्पनेमुळे ही अडचण दूर होते. २००८ साली आलेल्या पायथन ३.० मधील ‘आयओ’ मॉड्यूलमध्ये ‘आयओबेस’ हा मूळ क्लास आहे. निरनिराळ्या हँडलांचे क्लास त्यापासूनच तयार झाले आहेत. त्यामुळे ‘रीडलाइन’ ही एकच आज्ञा सर्वांना समजते; ती कशी पार पाडावयाची, हे ज्याचे त्याचे हँडल जाणते. जीझिपचे हँडल मजकूर आधी मूळ रूपात आणते. मेमरीचे हँडल डिस्ककडे वळतही नाही.

मात्र आज्ञा समान असल्या, तरी क्षमता समान नसतात. डिस्कवरील फाइलमध्ये मागे जाऊन पुन्हा वाचता येते. नेटवर्कवरून येणाऱ्या मजकुरात तसे मागे जाता येत नाही. म्हणून ‘सीकेबल’ या आज्ञेने हँडलला त्याची क्षमता आधीच विचारता येते. सर्वांशी सारखा व्यवहार करतानाही प्रत्येकाची मर्यादा ओळखणे, हेच चांगल्या इंटरफेसचे लक्षण होय.